अर्धाच पेटणारा आठ

जुन्या निक्सी ट्यूब, म्हणजे चमकते आकडे दाखवणाऱ्या काचेच्या नळ्या, जमवणाऱ्या हौशी मंडळींमध्ये एक वाक्य वारंवार ऐकू येते: "यातला आठ जळलाय." आठाचे वरचे वर्तुळ छान नारिंगी पेटलेले असते आणि खालचे अंधारात असते. किंवा तिनाचे एक टोकच तेवढे दिसते. मग ती नळी बाद ठरते आणि डब्यात पडून राहते. पण निक्सीमध्ये जळण्यासारखे काही नसतेच! बल्बमध्ये तापून पांढरी होणारी तार असते, ती एक दिवस तुटते. निक्सीतला आकडा तापून प्रकाश देत नाही. प्रकाशतो तो त्याच्याभोवतीचा वायू. आकडा अर्धा विझला तर बिघाड बहुधा आकड्याच्या धातूवरच्या पातळ थरात असतो, आणि तो बऱ्याचदा दुरुस्त होतो.

आधी रचना पाहू. अमेरिकेतल्या बरोज कंपनीने १९५५ मध्ये निक्सी बाजारात आणली. काचेच्या नळीत पातळ धातूचे शून्य ते नऊ असे दहा आकडे एकामागे एक रचलेले असतात. हा प्रत्येक आकडा एक स्वतंत्र कॅथोड, म्हणजे ऋण टोक. त्यांच्या समोर जाळीचा अ‍ॅनोड, म्हणजे धन टोक. नळीत कमी दाबाचा निऑन आणि किंचित आरगॉन. ज्या आकड्याला वीज मिळते त्याला लगटून निऑन पेटतो. १९६१ च्या 'अनिता' या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटरमध्ये उत्तर अशाच नळ्यांवर उमटत असे. पुढे एलईडी आले आणि निक्सी मागे पडली. आज हौशी लोकांकडे दिसतात त्यांतल्या पुष्कळशा सोव्हिएत बनावटीच्या: आयएन-१२, आयएन-१४, आणि मोठ्या आकड्यांची आयएन-१८. (आयएन-१२ मधला पाच म्हणजे उलटा लावलेला दोन आहे. एकदा लक्षात आले की मग तेच दिसत राहते.)

आता माझ्या आवडीचा भाग. वायू पेटतो कसा, आणि पेटलेला राहतो कसा?

निऑनच्या अणूतून एक इलेक्ट्रॉन निघाला की उरतो तो धनभारित आयन. तो ऋण कॅथोडकडे खेचला जातो आणि धातूवर आपटतो. आपटताना तो धातूतला एखादा इलेक्ट्रॉन बाहेर काढतो. दर वेळी नाही, पाच-दहा आयनांमागे एखाद्या वेळीच. हा सुटलेला इलेक्ट्रॉन कॅथोडपासून दूर धावतो. कॅथोडलगतच्या अगदी अरुंद पट्ट्यात शंभराहून अधिक व्होल्टची उतरण असते. तिथे वेग घेऊन तो वाटेतल्या निऑन अणूंवर आदळतो. काही अणू नुसते उत्तेजित होतात आणि नारिंगी प्रकाश देतात. काही फुटून नवे आयन बनतात, आणि ते पुन्हा धातूकडे धावतात. एका इलेक्ट्रॉनने निर्माण केलेले आयन मिळून धातूतून निदान एक नवा इलेक्ट्रॉन काढू शकले, तर चक्र चालू राहते. नाही काढू शकले, तर विझते. एवढाच हिशेब.

आरगॉनचे काम इथे मजेदार आहे. उत्तेजित निऑनची एक अवस्था बराच काळ टिकते आणि तिच्यात सुमारे १६.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरचे ऊर्जेचे एकक) ऊर्जा साठलेली असते. आरगॉनचे आयन करायला सुमारे १५.८ पुरतात. म्हणजे असा निऑन अणू आरगॉनला नुसता धडकला तरी आरगॉनचा आयन होतो आणि एक इलेक्ट्रॉन फुकट मिळतो. डच शास्त्रज्ञ पेनिंग यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. त्यामुळे नळी कमी व्होल्टेजला पेटते.

हिशेबातला नाजूक घटक म्हणजे एका आयनामागे सुटणारे सरासरी इलेक्ट्रॉन. तो धातूच्या पृष्ठभागावर अवलंबून असतो. त्यावर ऑक्साइडचा किंवा इतर कशाचा थर चढला की इलेक्ट्रॉन सुटणे अवघड होते. मग तेवढेच इलेक्ट्रॉन मिळवायला जास्त आयन लागतात, आणि जास्त आयनांसाठी जास्त व्होल्टेज.

समजा आठाचा वरचा भाग स्वच्छ आहे आणि त्याला १४० व्होल्ट पुरतात, तर खालच्या मळक्या भागाला १५० लागतात. दोन्ही भाग एकाच धातूचे, एकमेकांना जोडलेले. त्यामुळे दोन्हींवर व्होल्टेज एकच. आणि ते ठरवतो स्वच्छ भाग! तो १४० ला पेटला की प्रवाह त्याच्यातून वाहू लागतो, नळीला लावलेल्या रेझिस्टरमध्ये (प्रवाहाला आवर घालणाऱ्या भागात) उरलेले व्होल्ट खर्च होतात, आणि नळीवर १४० च राहतात. खालच्या भागाला हवे असलेले १५० कधी मिळतच नाहीत. खालचा भाग निकामी झालेला नसतो, वरचा त्याची पाळीच येऊ देत नाही.

प्रवाह थोडा वाढवला तर? इथे वायूतून वीज वाहण्याचा एक स्वभाव समजून घ्यावा लागतो. कॅथोडवर मोकळी स्वच्छ जागा शिल्लक असेपर्यंत प्रवाह वाढवला तरी व्होल्टेज वाढत नाही, नुसता पेटलेला भाग पसरतो. जागा संपली, की मात्र पुढचा प्रवाह त्याच जागेतून कोंबावा लागतो आणि व्होल्टेज चढू लागते. निक्सी मुद्दाम या टप्प्याच्या किंचित पुढे चालवतात, म्हणजे अख्खा आकडा झाकला जातो. म्हणूनच प्रवाह कमी पडला तर धडधाकट नळीतही आकडा अर्धाच पेटतो. नळीला दोष देण्याआधी प्रवाह किती मिलिअँपिअर आहे ते मोजावे ते यासाठी. रात्री उजेड कमी हवा म्हणून प्रवाह घटवणारी घड्याळे हाच घोळ घालतात. प्रवाह पुरेसाच ठेवून वीज सेकंदात शेकडो वेळा चालू-बंद करावी, डोळ्याला उजेड कमी दिसतो आणि आकडाही पूर्ण राहतो.

हा मळ येतो कुठून? काही कारखान्यातून उरलेला असतो, म्हणून कधीच न वापरलेल्या नळीतही हा दोष निघू शकतो. पण बराचसा शेजाऱ्याकडून येतो. आयन आपटतात तेव्हा इलेक्ट्रॉनबरोबर धातूचे अणूही उडतात. याला स्पटरिंग म्हणतात. विल्यम ग्रोव्ह यांनी १८५२ मध्ये ते नोंदवले, आणि आज चिप बनवताना धातूचे थर चढवायला तेच तंत्र वापरतात. उडालेले अणू शेजारच्या विझलेल्या आकड्यांवर आणि काचेवर बसतात. नळीत थोडा पारा घातला की हे पुष्कळ कमी होते. सुरुवातीच्या निक्सी काही हजार तास चालत, पारा घातलेल्यांसाठी दोन लाख तासांपर्यंतचे आयुष्य सांगितले जाई. प्रकाशात दिसणारी निळसर झाक याच पाऱ्याची.

आयन शब्द निघालाच आहे म्हणून सांगतो. 'आयनांमुळे आरोग्य सुधारते' असे सांगत कडी आणि लोलक विकणाऱ्यांची कमी नाही. अशा काही वस्तू किरणोत्सारी निघाल्या आणि नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेला २०२१ मध्ये त्या न वापरण्याचा इशारा द्यावा लागला. आयन म्हणजे भारित अणू. तो धातू खरवडतो, प्रकाश निर्माण करतो. आरोग्य सुधारणे वगैरे त्याच्या कक्षेत येत नाही.

खरवडतो, हाच इथे उपाय. ज्या स्पटरिंगने आकडा मळवला, त्यानेच तो साफ करायचा. काट्याने काटा काढतात तसे. फक्त आयन मळक्या भागावर आदळले पाहिजेत, म्हणजे तो भाग पेटला पाहिजे, म्हणजे व्होल्टेज चढले पाहिजे, म्हणजे प्रवाह वाढवला पाहिजे. पुरवठा २०० व्होल्ट, नळीवर १४०, तर रेझिस्टरवर उरले ६०. तिथे २४ किलोओहम असेल तर प्रवाह २.५ मिलिअँपिअर. १२ किलोओहम लावला की जवळपास ५. रेझिस्टर निदान अर्ध्या वॉटचा घ्यावा, कारण त्यात ०.३ वॉट उष्णता निघते. बाकीचे नऊ आकडे सोडवून ठेवायचे आणि फक्त आजारी आकडा पेटवायचा.

सुरुवातीला मळक्या भागावर काहीच दिसत नाही. मग स्वच्छ भागाची कड हळूहळू पुढे सरकते. ही कडच खरे काम करते. तिथले आयन सीमेवरचा थर उडवतात, थोडी नवी जागा पेटते, कड आणखी पुढे जाते. कधी तासाभरात आकडा पुरा होतो, कधी दिवस लागतात. अख्खा आकडा पेटेल एवढाच प्रवाह ठेवावा. घाईने तिप्पट-चौपट केला तर नळी तापते आणि उडालेला धातू शेजाऱ्यांवर दाट बसतो. म्हणून शेवटी प्रत्येक आकडा नेहमीच्या प्रवाहावर काही तास पेटवून घ्यावा. शेजारी म्हणजे नळीत पुढे-मागे असलेले, मोजणीतले नव्हेत. आठाच्या शेजारी सात असेलच असे नाही. आणि २०० व्होल्टची एकदिश वीज जीव घेऊ शकते. वीज तोडल्यावरही कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) भरलेला राहतो, तो रिकामा झाल्याशिवाय हात लावू नये.

घड्याळात हा दोष ठरलेल्या जागी येतो. मिनिटांच्या दशकस्थानी शून्य ते पाचच दिसतात, सहा ते नऊ कधीच नाहीत. चोवीस तासांच्या घड्याळात तासांच्या दशकस्थानी तर तीनच आकडे चालतात, बाकीचे सात नुसते धूळ खातात. म्हणून चांगली घड्याळे अधूनमधून सगळे आकडे भराभर फिरवतात. पाहुण्यांना ती शोभा वाटते, प्रत्यक्षात ती साफसफाई असते.

सगळ्याच नळ्या मात्र वाचत नाहीत. आकडा अजिबात पेटत नसेल तर आतली जोडणी तुटलेली असू शकते, तिथे प्रवाह वाढवून उपयोग नाही. सगळे आकडे पेटतात पण अंधुक दिसतात, आणि काच आतून काळवंडलेली असेल, तर तो थर काचेवर बसलेला धातू आहे. काच कॅथोड नाही, तिच्यावर तसे आयन आदळत नाहीत, त्यामुळे ही युक्ती तिथे चालत नाही. आणि प्रकाश नारिंगीऐवजी जांभळट-गुलाबी दिसू लागला, तर नळीत हवा शिरली आहे. अशी नळी थोड्याच दिवसांत पेटायचीच थांबते, आणि घरच्या टेबलावर त्याला इलाज नाही.