मुंबईच्या हॉटेलांत एसी आला, ताजी हवा राहून गेली

हॉटेलचे दार ओढायला जोर लागतो आणि हात सुटला की ते धाडकन मिटते. भटारखान्यात भट्टीवरच्या धूर ओढणाऱ्या हूडखालून धूर बाहेर सांडतो, मोरीच्या बाजूने गटाराचा वास येतो, आणि दहा टनांचा एसी दिवसभर चालूनही हॉल गार होत नाही. मालक एसीवाल्याला बोलावतो. गॅस भरला जातो, कॉइल धुतली जाते, चार दिवसांनी तक्रार तीच. बहुतेक वेळा दोष एसीत नसतोच. जेवढी हवा बाहेर फेकली जाते, तेवढी आत यायला वाटच ठेवलेली नसते. ही वाट एका दिवसात बंद झाली नाही.

१९०४ची क्यानी किंवा १९२३ची ब्रिटानिया यांच्या पिढीतल्या इराणी हॉटेलांना वायुवीजनाची यंत्रणा लागलीच नाही. अनेकांची जागा कोपऱ्यावर, दोन रस्त्यांना उघडी. छत उंच, दारांवर झरोके, लांब दांडीचे पंखे. गरम हवा वर चढून झरोक्यातून निघायची आणि रस्त्याकडून दुसरी यायची. गारवा असा नव्हता, पण हवा कोंडत नव्हती. यांत्रिक थंडावा ही तेव्हा श्रीमंतांची चैन. ताज महाल हॉटेल १९०३ साली उघडले तेव्हा विजेचे पंखेसुद्धा मिरवायची गोष्ट होती. पैसे देऊन गार हवेत बसायची सवय मुंबईकरांना लावली ती मुख्यतः चित्रपटगृहांनी. कुलाब्याचे रीगल १९३३ साली वातानुकूलित होऊनच सुरू झाले.

हॉटेले कोंडली ती परमिट रूमपासून. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणे परवान्यावर आणले. पुढे बंदी सैल होत गेली, परवाना कागदावर राहिला, आणि पिणारा रस्त्यावरून दिसू नये ही रीत पक्की झाली. खिडक्यांना काळ्या काचा, दाराला जाड पडदा, खाली गालिचा. हॉल उंच असेल तर मध्ये माळा टाकून वर ‘एसी फॅमिली रूम’. म्हणजे उंची निम्मी झाली, झरोके माळ्याच्या वर गेले किंवा प्लायवूडने झाकले गेले, आणि भिंतीत दीड टनाचे खिडकी-एसी बसले. या खिडकी-एसीला निदान व्हेंटची छोटी झडप असायची. ती उघडली की थोडी हवा बदलायची, पण थंडावा जातो म्हणून ती कायम बंद. पुढे स्प्लिट एसी आले आणि ती झडपही गेली. स्प्लिट खोलीतलीच हवा फिरवून गार करतो. बाहेरची एक फुंकरही आत घेत नाही. हे आजही कित्येक मालकांना ठाऊक नसते.

त्यात सिगारेटचा धूर. वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकेतल्या अॅशरे संस्थेच्या १९८९च्या मानकात जेवणाच्या खोलीला माणशी २० सीएफएम (मिनिटाला घनफूट) ताजी हवा सांगितली होती, बारला ३०. हा फरक धुरासाठीच. इथल्या परमिट रूममध्ये यातले काहीच नव्हते, म्हणून छत पिवळे पडायचे आणि कॉइलवर चिकट थर बसायचा. २ ऑक्टोबर २००८पासून सार्वजनिक जागी धूम्रपानबंदीचे नियम लागू झाले. तीस किंवा अधिक आसनांच्या हॉटेलला वेगळी धूम्रपान खोली ठेवता येते, पण चारही भिंती छतापर्यंत, दार आपोआप मिटणारे, हवा थेट बाहेर टाकलेली आणि दाब बाकीच्या इमारतीपेक्षा कमी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. हॉटेलातल्या हवेच्या दाबाकडे सामान्य मालकाचे लक्ष गेले असेल तर ते बहुधा या नियमामुळे. प्रत्यक्षात काचेची खोली, एक सहा इंची पंखा आणि आत हॉलच्याच एसीचा फाटा, असा प्रकार बराच झाला. हॉलमधली हवा एसीकडे परत नेणाऱ्या डक्टला, म्हणजे पत्र्याच्या नळीला, ती खोली जोडली की धूर सगळीकडे फिरतो.

करवाल्यांनी मात्र एसी फार बारकाईने मोजला. मे २०११मध्ये एसी आणि दारूचा परवाना दोन्ही असलेल्या हॉटेलांवर सेवाकर आला. एप्रिल २०१३पासून परवान्याची अट गेली आणि हॉटेलच्या कोणत्याही भागात, वर्षभरात केव्हाही एसी किंवा सेंट्रल हीटिंग असले की कर लागू झाला. (मुंबईत सेंट्रल हीटिंग कोण बसवणार, पण मसुदा दिल्लीत झाला होता.) जुलै २०१७मध्ये जीएसटी आला तेव्हा नॉन-एसीला १२ टक्के, एसीला १८. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला बहुतेक सगळ्यांना सरसकट ५ टक्के झाले आणि नॉन-एसी राहण्याचे करापुरते कारणही संपले. खालचा मोकळा हॉलही मग काचा लावून बंद होऊ लागला.

आता हिशोब पाहा. गॅसवरचा तंदूर आणि चायनीज रेंज यांच्यावर भिंतीलगतचा दहा फुटी हूड आहे. अशा जड कामाला फुटामागे ४०० सीएफएम धरतात, म्हणजे ४,००० सीएफएम बाहेर. एसीचा एक टन साधारण ४०० सीएफएम फिरवतो. दहा टनांचा एसी ४,०००. म्हणजे एसी जेवढी हवा फिरवतो तेवढीच हूड बाहेर ओढतो. तिच्या जागी फटींतून ३३ अंशांची दमट हवा शिरते. ती २४ अंशांवर आणून कोरडी करायला दर १,००० सीएफएममागे सुमारे सहा टन लागतात, म्हणजे एकूण चोवीस. दहा टनांचा एसी इथे हरणारच. फटीही पुरत नाहीत, तेव्हा हूडच उपाशी राहतो आणि धूर सांडतो. मोरीच्या जाळीखाली गटाराची हवा अडवणाऱ्या नहाणी ट्रॅपमधले पाणी सुकलेले असेल तर गटाराची हवा आत ओढली जाते. कोळशाच्या तंदूरची चिमणी उलटी वाहू लागली तर गोष्ट वासावर थांबत नाही. कार्बन मोनॉक्साइड जमतो.

यावर उपाय म्हणजे हूड बाहेर ओढतो त्याच्या सुमारे ८० टक्के हवा, इथे ३,२०० सीएफएम, वेगळ्या ब्लोअरने गाळून थेट भटारखान्यात सोडायची. तिचा वेग कमी ठेवायचा. हूडच्या कडेशी जोराचा झोत मारला की धूर उलट बाहेर ढकलला जातो. उरलेली ८०० हॉलमधून जाऊ द्यायची, म्हणजे वास हॉलकडे येत नाही. सध्याचे अॅशरे मानक माणशी ७.५ आणि चौरस फुटाला ०.१८ सीएफएम सांगते. साठ आसने आणि १,००० चौरस फूट असतील तर ६३० सीएफएम. हॉलला ९०० सीएफएम ताजी हवा दिली की हूडची ८०० आणि माणसांची ६३०, दोन्ही भागते. हूडचा आणि भटारखान्यात हवा आणणारा, दोन्ही ब्लोअर एकाच स्टार्टरवर घ्या, कारण मानेवर गरम हवा येते म्हणून आचारी आत आणणारा ब्लोअर हमखास बंद करतो. ताजी हवा घेण्याचे तोंड एक्झॉस्टपासून निदान दहा फूट लांब ठेवा.

कोविडमध्ये हे सगळे उघडे पडले. २०२०च्या सरकारी सूचनांत एसी २४ ते ३० अंश, आर्द्रता ४० ते ७० टक्के आणि शक्य तितकी ताजी हवा असे होते. पहिल्या दोन गोष्टी रिमोटवर आणि मीटरवर दाखवता आल्या. तिसरीसाठी स्प्लिटवाल्यांकडे दार उघडे ठेवण्यापलीकडे काही नव्हते.

जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि हॉटेलांना सहा महिन्यांत गॅस, वीज अशा स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. तंदूर बदलताना डक्टही तपासून घ्यावा. कोळशाचा एक्झॉस्ट ठिणग्यांमुळे वेगळा ठेवावा लागतो. गॅसवर ठिणगी नसते, पण तूप-तेलाची वाफ तशीच असते. रिव्हेट मारलेल्या पातळ जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याच्या डक्टच्या सांध्यांतून ती गळते आणि फॉल्स सीलिंगवर साचते. इथे १६ गेजचा जाड पत्रा आणि सलग वेल्डिंगच हवे, वळणावर साफसफाईचे झाकण हवे, आणि भट्टी दिवसभर पेटती असेल तर दर तीन महिन्यांनी आतून खरवडणे आले. जुना डक्ट तसाच ठेवून नुसता तंदूर बदललेल्या ठिकाणी पहिल्याच पावसाळ्यात सीलिंगवर तपकिरी डाग दिसतील.