सोलापुरात पर्वत असता तर...

मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असताना सोलापूरच्या एखाद्या खोल विहिरीत उतरा आणि कातळाला हात लावा. गार लागतो. डिसेंबरात पहाटे तोच कातळ कोमट वाटतो. जमिनीत १०-१५ मीटर खाली ऋतू पोहोचतच नाहीत. तिथे उरते ती वर्षाची सरासरी, आपल्याकडे साधारण २७ अंश. जी जमीन सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्य अंशावर वा त्याखाली राहते, तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात.

आता समजा, सिद्धेश्वर तलावापाशी एक पर्वत उभा आहे. चढताना हवा दर किलोमीटरला सुमारे साडेसहा अंशांनी गार होते. ढोबळ हिशेबाने समुद्रसपाटीपासून ४,६०० मीटरवर सरासरी शून्याला टेकेल, म्हणजे १,६४६ मीटरच्या तीन कळसूबाई एकीवर एक रचल्या तर त्याच्या थोडं खालीच. ५,५०० मीटरवर ती उणे सहा होईल. पण पृथ्वीच्या पोटातली उष्णता खालून ढोसत असते. खोल जाताना तापमान किलोमीटरमागे २५-३० अंशांनी वाढतं, त्यामुळे गोठलेला थर २००-२४० मीटर खोलीवर संपेल.

हे झालं सपाट पठाराचं. खरा डोंगर सपाट नसतो. हिमालयात उत्तरेकडचा उतार सावलीत राहतो आणि दक्षिणेकडचा तापतो, त्यामुळे एकाच उंचीवर एका बाजूला पर्माफ्रॉस्ट असतो, दुसरीकडे नसतो. वाऱ्याने झाडून नेलेल्या धारेवर थंडी थेट खडकात शिरते. खोलगट जागी साठलेला बर्फ मात्र सोलापुरी चादरीचं काम करतो. चादर स्वतः तापत नाही, तिच्या विणीतली हवा ऊब धरून ठेवते. भुसभुशीत बर्फातही अशीच हवा असते. हिवाळ्याच्या तोंडालाच जाड थर पडला, तर खालची जमीन नीट गोठतच नाही. बर्फाने जमीन उबदार राहावी, ही मला या विषयातली सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते.

शिखराला तर चहूबाजूंनी थंडी भिडते आणि खालची उष्णता तिथवर पुरत नाही, म्हणून गोठण खोलवर जाते. मात्र २०० मीटर खडकातून तापमानातला बदल झिरपायला हजारेक वर्षं लागतात. आत बर्फ असेल तर त्याहून जास्त. आज खोलवर सापडणारी थंडी कित्येक पिढ्यांपूर्वीच्या हवामानाची असते.

पण शिखराच्या ज्या आकारामुळे थंडी सगळीकडून आत शिरली, त्याच आकारामुळे ऊबही सगळीकडून शिरते. पठारापेक्षा शिखर लवकर तापतं. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेची लाट आली, तेव्हा आल्प्समधल्या मॅटरहॉर्नचा कडा ढासळला. खडक सुटला त्या जागी, फटींमध्ये, बर्फ दिसत होता.