तालमीत ‘बसवून’ सरळ न होणारी मान
मान एका बाजूला वळून राहिली की कोल्हापुरात सल्ला ठरलेला: ‘तालमीत जाऊन बसवून घे,’ म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातल्या वस्तादाकडून मान झटका देऊन सरळ करून घे. झोपेत आखडलेली मान चार-आठ दिवसांत सुटते, ती गोष्ट वेगळी. पण महिनोन्‌महिने आपोआप वळणारी, थरथरणारी मान म्हणजे सर्व्हायकल डिस्टोनिया असू शकतो. यात शीर सरकलेली नसते. मेंदूकडून स्नायूंना चुकीचे आदेश जातात. हनुवटीला नुसतं बोट लावलं तरी अनेकांची मान थोडा वेळ सरळ होते. मग घरचे म्हणतात, ‘नाटक करतोय!’ नाटक कसलं, ती तर या आजाराची खूण. झटका देऊन मान मोडू नका, रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू-मज्जातंतूंचे डॉक्टर, आखडलेल्या स्नायूंत ते सैल करणाऱ्या बोटुलिनम टॉक्सिन या औषधाची इंजेक्शनं देतात. गुण साधारण 3 महिने टिकतो, मग पुन्हा घ्यावी लागतात.