मॅजिस्ट्रेटचा पगार कुणाच्या तोलाचा?

नाशिकला सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात खालच्या कोर्टाच्या दारावरची पाटी नीट वाचा. एकाच नावाखाली दोन हुद्दे असतात: दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग. चेक बाऊन्सच्या खटल्यात तारीख देणारे साहेबच बांधाच्या भांडणाचा दावाही ऐकतात. पगार अर्थात एकच. तो ठरवताना शेजारी कुणाला उभं करून मापायचं, यावरच सगळा वाद झाला.

इंग्रजी अमदानीत हा प्रश्नच नव्हता. मामलेदार सारा वसूल करी आणि फौजदारी खटलेही चालवी; पगार मामलेदारीचा. कलेक्टर तोच जिल्हा मॅजिस्ट्रेट. १९०९ साली बाबाराव सावरकरांचा राजद्रोहाचा खटला सेशन्सकडे धाडणारा जॅक्सन नाशिकचा कलेक्टरच होता. त्याच वर्षी २१ डिसेंबरला अनंत कान्हेऱ्यांनी विजयानंद नाट्यगृहात त्याला गोळ्या घातल्या. ज्याच्या हाती महसूल आणि पोलीस, त्याच्याच हाती कोर्ट. लोकांचा राग एकाच माणसावर साचायचा, यात नवल काय?

घटनेच्या कलम ५० ने न्यायदान आणि प्रशासन यांची फारकत सांगितली, मुंबई राज्याने १९५१ मध्ये तसा कायदा केला आणि १ एप्रिल १९७४ पासून नव्या फौजदारी संहितेने ती देशभर नेली. खुर्ची वेगळी झाली, तराजू मात्र जुनाच राहिला. राज्याचा वेतन आयोग इतर सरकारी नोकरांबरोबरच न्यायाधीशांचंही माप काढी.

तो तराजू सर्वोच्च न्यायालयाने मोडला. अखिल भारतीय न्यायाधीश संघाच्या याचिकेवर १९९१ मध्ये पहिला निकाल आला. सरकारांनी फेरविचार मागितला, तेव्हा १९९३ मध्ये न्यायालयाने आणखी ठणकावलं: न्यायाधीश हे नोकर नव्हेत, त्यांची बरोबरी मंत्री आणि आमदारांशी, प्रशासनातल्या अधिकाऱ्यांशी नव्हे. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं खरं वळण हेच, बाकी आकडेमोड.

तीही थोडक्यात पाहू. १९९६ मध्ये न्या. जगन्नाथ शेट्टी आयोग नेमला गेला. त्याने कनिष्ठ स्तराला मूळ पगार ९,००० रुपयांपासून दिला; २००२ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला, लागू १ जुलै १९९६ पासून. मग पद्मनाभन समितीने २००६ पासून २७,७०० केला. न्या. वेंकटराम रेड्डी आयोगाने त्याला २.८१ ने गुणलं आणि पूर्णांकात बसवून ७७,८४० आणला, १ जानेवारी २०१६ पासून. पण न्यायालयाची मंजुरी आली २७ जुलै २०२२ ला! म्हणजे साडेसहा वर्षांची थकबाकी. ती पंचवीस, पंचवीस आणि पन्नास टक्क्यांच्या हप्त्यांत द्यायचं ठरलं. राज्यांनी तिजोरीकडे बोट दाखवलं, न्यायालयाने ते मानलं नाही. भत्त्यांचा आदेश तर ४ जानेवारी २०२४ चा. त्यात २९ फेब्रुवारीपर्यंत थकबाकी चुकती करायला सांगून, अंमलबजावणीवर नजर ठेवायला प्रत्येक उच्च न्यायालयात समिती नेमायला लावली.