केवडा आणि त्याची पुळण

गणपतीच्या दिवसांत केवड्याचं कणीस बाजारातून घरी येतं. एकवीस पत्रींतही केवडा असतो. समुद्रकाठच्या ज्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या पट्ट्यावर तो वाढतो, तिच्याकडे मात्र आपण वळूनही पाहत नाही.

समुद्राच्या बाजूने वाळूवर आधी मर्यादवेल पसरते. तिने वाळू थोडी धरून ठेवली की मागे केवड्याची जाळी उभी राहते. इथे पाणी टिकत नाही, वारा खारट, जमीन सरकती. केवड्याची पानं चिवट, मेणचट आणि काठांना काटेरी असतात. खोडातून निघालेली जाड आधारमुळं तिरपी वाळूत उतरतात. या जाळीत वाऱ्याचा जोर मोडतो, त्याच्याबरोबर उडणारी वाळू खाली बसते आणि वाळूची टेकडी उंच होत जाते. उधाणाचा पहिला मार हीच टेकडी झेलते.

पेटर फोर्सकोल या निसर्गअभ्यासकाने अरबस्तानच्या मोहिमेत या वनस्पतीचं वर्णन केलं. त्याच्या मृत्यूनंतर, 1775 साली छापलेल्या ग्रंथात तिचं नाव आहे ‘केउरा ओडोरिफेरा’. त्यातला ‘केउरा’ मराठी कानाला लगेच ओळखीचा वाटतो. आजचं शास्त्रीय नाव पॅन्डॅनस ओडोरिफर.

केवड्यात नर आणि मादी झाडं वेगळी. सुगंधी कणीस नराचं. मादीला अननसासारखं फळ येतं. त्याचे तंतुमय तुकडे पाण्यावर तरंगतात आणि भरतीबरोबर दुसऱ्या किनाऱ्याला लागून तिथे रुजतात. ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यात केवड्याच्या अर्काचा मोठा व्यवसाय आहे. अत्तराला नरच हवा, म्हणून तिथे नराच्याच फांद्या लावल्या जातात. फांदीतून उगवलेलं प्रत्येक झाड मूळ झाडाची हुबेहूब प्रत असतं. बन कितीही दाट दिसलं तरी त्यातली विविधता तोकडी राहू शकते, हे मला विसरता येत नाही.

प्रजाती म्हणून केवडा संकटात नाही. भारताच्या दोन्ही किनाऱ्यांपासून आग्नेय आशियापर्यंत तो आढळतो. पण नामशेष होण्याचा धोका मोजताना अख्ख्या प्रजातीचा विचार होतो, एखाद्या गावच्या बनाचा नाही. मुलूखभर केवडा असला म्हणून आपल्या गावची जाळी वाचत नाही. रिसॉर्टसाठी पुळण सपाट केली, वाळू उचलली की ती जाते. कित्येक ठिकाणी मूळच्या झाडोऱ्याच्या जागी सुरूच्या झाडांच्या रांगा लावल्या गेल्या. सुरू आपल्या कोकणचा नव्हे, बाहेरून आणलेला.

कायदा आहे, तो टेकडीच्या बाजूचा. 2011 च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने वाळूच्या टेकड्यांना सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात ठेवलं, 2019 च्या अधिसूचनेतही त्या तिथेच आहेत. सुशोभीकरणासाठी टेकडी सपाट करणं या नियमांत बसत नाही. तेव्हा केवडा वाचवायचा तर पंचायतीत बोलायचं ते टेकडीबद्दल. आणि नवं बन लावायचं असेल तर कणसाच्या झाडाची फांदी पुरेशी नाही. शेजारी फळ धरणारं झाडही हवं.