हँडल तुटलंय की आटे गेलेत?

"हँडल हलतंय" ही ट्रक-पिकअपच्या केबिनमध्ये चढायच्या हँडलबद्दलची ड्रायव्हरची तक्रार एकच, पण तिच्यामागची दुखणी दोन असतात. एकात हँडलच मोडलेलं असतं: प्लॅस्टिकला तडा गेलेला, आतली लोखंडी पट्टी वाकलेली, नाहीतर बोल्टाच्या भोकाभोवतीचा कान उडालेला. दुसऱ्यात हँडल ठणठणीत असतं, पण ते ज्या पत्र्यात बसलंय तिथले बोल्ट पकडणारे आटे मेलेले असतात किंवा मागचा नट जागच्या जागी गरगर फिरत असतो. हाताला दोन्ही सारखीच लागतात. मग नवं कोरं हँडल आणून मेलेल्या आट्यांवर चढवलं जातं आणि थोड्याच दिवसांत तेही लोंबायला लागतं.

इथं बोलतोय ते दाराशेजारच्या खांबावरच्या, म्हणजे पिलरवरच्या, चढायच्या हँडलबद्दल. छताला लावलेलं हँडल बसल्या बसल्या आधाराला असतं, त्यावर अख्खं वजन क्वचितच येतं. पिलरवरच्या हँडलला माणूस रोज लटकतो. ओढ बाहेर आणि खाली अशी असते, त्यामुळे वरच्या बोल्टावर उपटून काढणारा ताण येतो आणि खालचा बोल्ट नुसता टेकू देतो. बहुतेक वेळा आधी वरचाच बोल्ट जातो तो यामुळे.

मराठवाड्यात दोन्ही दुखण्यांना खतपाणी भरपूर. उसाच्या हंगामात कारखान्याच्या रांगेत गाडी दर थोड्या वेळानं पुढं सरकवायची, म्हणजे दिवसभर चढ-उतार. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला धरून बसतो, पायरीवरून पाय सटकतो आणि सगळं वजन एका झटक्यात हातावर येतं. उन्हाळ्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२ अंशांच्या वर चढतो, बंद काचांच्या उभ्या केबिनमध्ये तर त्याहून कितीतरी जास्त. तिथं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं भाजून निघतं आणि कडक, ठिसूळ होतं. ढोबळमानानं सांगायचं तर चिखल आटे खातो आणि ऊन प्लॅस्टिक खातं.

पान्हा हातात घेण्याआधी बोट वापरा. हँडलचं बूड जिथं पिलरला टेकतं तिथं एक बोट असं ठेवा की अर्धं बुडावर, अर्धं पिलरवर. दुसऱ्या हातानं हँडल ओढा. बोटाखाली फट उघडत असेल तर दोष बसकणीत आहे. बूड जागेवर राहून मधली मूठ वाकत असेल, करकरत असेल, तर हँडल गेलंय. दोन्ही टोकांना ही तपासणी करा, कारण वर एक आणि खाली दुसरं असंही सापडतं. नुसतंच खडखडत असेल आणि ओढल्यावर काहीच हलत नसेल, तर बोल्टावरची टोपी सैल झालेली असते. ती दाबून बसवली की काम संपलं.

आता टोपी काढा. पातळ स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला फडकं गुंडाळा, म्हणजे टोपीचा काटा तुटत नाही. खाली एम ६ किंवा एम ८ चा, म्हणजे ६ किंवा ८ मिमी जाडीचा, बोल्ट असतो. पहिल्याला १० चा पान्हा लागतो, दुसऱ्याला १३ चा. हळूहळू आवळा. आवळत जाऊन घट्ट थांबला तर आटे जिवंत आहेत. फिरतच राहिला, तर तो बाहेर ओढून पाहा. हातानं ओढल्यावर सरळ निघून आला आणि आट्यांत चकचकीत चुरा अडकलेला दिसला, तर नटातले आटे साफ झालेत. फिरतोय पण आतही जात नाही आणि बाहेरही येत नाही, तर मागचा नटच पत्र्यातून सुटलाय. या दोघांचा इलाजही वेगळा आहे, त्याकडं येतोच.

आधी हँडल मोडल्याचं बघू, कारण ते सोपं आहे. चिकटवायचं नाही. फेव्हिक्विक सुकल्यावर काचेसारखं ठिसूळ होतं, झटक्याला तडकतं. अ‍ॅरल्डाइट एबीएस जातीच्या प्लॅस्टिकवर बरं धरतं, पण पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीनवर जवळपास धरतच नाही, आणि कशावर काम चाललंय हे हँडलच्या मागच्या बाजूला कोरलेली अक्षरं वाचल्याशिवाय कळत नाही. तिथं पीए६-जीएफ३० असं असेल तर ते काचतंतू मिसळलेलं नायलॉन आहे; त्याचा जोड दिसायला सुरेख होतो, पण तंतू तुटलेले ते तुटलेलेच. छताच्या हँडलवर हा प्रयोग ज्याला करायचा त्यानं करावा. चढायच्या हँडलवर नको. नवं मिळेपर्यंत तुटकं हँडल काढून ठेवा. हँडल नसेल तर माणूस दाराची चौकट धरून सावध चढतो. चिकटवलेलं दिसलं की विश्वासानं लटकतो.

नवं आणताना जुनं हँडल आणि जुने बोल्ट दोन्ही सोबत न्या. डावं-उजवं वेगळं असतं. भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून ठेवा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक असला तर बोल्ट तिरका घुसतो आणि चांगल्या आट्यांचा जीव घेतो. सगळ्यात जास्त विसरली जाते ती बुश. प्लॅस्टिकच्या बुडात बोल्टाच्या भोकात लोखंडाची छोटी नळी असते. बोल्टाचा दाब तिनं झेलायचा असतो. नव्या हँडलसोबत ती आली नसेल तर जुन्यातली ठोकून काढून नव्यात घाला. बुश नसली की बोल्ट आवळताना प्लॅस्टिक चेपतं, बोल्ट आपोआप ढिला पडतो, कुणीतरी पुन्हा आवळतो, आणि शेवटी कान फुटतो. मग "डुप्लिकेट माल" म्हणून दुकानदाराला शिव्या.

स्पेअर मिळत नसेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून पाइपचं करून घेता येतं: १९ मिमीचा २ मिमी जाडीचा पाइप, दोन्ही टोकांना ५ मिमी जाडीच्या ५० बाय ३० मिमीच्या पट्ट्या, एम ८ साठी ९ मिमीचं भोक. मूठ आणि पिलर यांत निदान ५० मिमी जागा सोडा, नाहीतर हात अडकतो. वेल्डिंग चारी बाजूंनी पूर्ण, नुसते टाके नकोत. आणि ते टेबलावर करायचं. केबिनमध्ये जागेवर ठिणगी उडवली तर अस्तराचा फोम आणि पिलरमधली वायरिंग दोन्ही पेटू शकतात. वर जुन्या रबरी होजचा तुकडा चढवा, मे महिन्यात उघडं लोखंड धरवत नाही.

आता आटे. खरा वेळ इथं लागतो.

नट जागेवर घट्ट आहे, फक्त आटे गेलेत, तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांचं काम देणारी तारेची गुंडाळी, बसवा. एम ८ साठी भोक ८.३ ते ८.४ मिमी, मग हेलिकॉइलचा खास टॅप (आटे पाडायचं हत्यार), मग कॉइल. आटे मूळ मापाचेच राहतात. बरेच जण एम ६ च्या मेलेल्या नटाला ६.८ मिमीचं ड्रिल मारून एम ८ चा टॅप घालतात. पहिल्या दिवशी झकास बसतं. पण त्या छोट्या वेल्ड नटाला बाजूनं मोजून मिलिमीटरभर भिंत उरते आणि पहिल्या जोरदार झटक्याला ती फाटते.

नटच फिरतोय, तर तो काढून रिव्हेट नट, म्हणजे पत्र्याच्या पुढूनच दाबून पक्का करायचा नट, बसवायचा. बोल्ट अडकलेला असेल तर त्याचं डोकं कापा. बोल्ट-नट पिलरच्या पोकळीत पडला तर आयुष्यभर खडखडतो, म्हणून चुंबक जवळ ठेवा. एम ६ च्या रिव्हेट नटाला साधारण ९ मिमीचं भोक लागतं, एम ८ ला ११ मिमीचं. भोक अर्ध्या मिलिमीटरनं मोठं झालं तरी नट पकडत नाही, तो पुन्हा फिरतो. ड्रिलच्या बिटावर ट्यूबचा तुकडा किंवा टेपचा गोळा लावून जेमतेम पत्रा ओलांडेल एवढीच खोली ठेवा. पिलरमधून वायरिंग जाते. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. पिकअपमध्ये पडद्याच्या (छताच्या कडेत दडवलेल्या, काचेवर उघडणाऱ्या) एअरबॅग असतील तर त्या भागात ड्रिल लावूच नका, कंपनीच्या वर्कशॉपला द्या. नट स्टीलचाच घ्या, अ‍ॅल्युमिनियमचा मऊ पडतो, आणि त्याची पकड पत्र्याच्या जाडीला जुळते का ते पाहा. पिलरला आतून दुसरा पत्रा असेल तर जाडी वाढते. कापलेल्या कडेला रेड ऑक्साइडचा (गंज रोखणाऱ्या रंगाचा) हात दिल्याशिवाय नट बसवू नका.

स्क्रू ड्रायव्हरनं भोकाभोवती टोचून पाहा. पत्रा मऊ लागला, किंवा हँडलखाली तपकिरी ओघळ दिसला, तर काचेच्या रबरातून पाणी पिलरमध्ये उतरतंय. असल्या सडक्या पत्र्यात कुठलाच नट टिकत नाही. आधी रबर, मग डेंटरकडून पत्र्याचा तुकडा जोडणं, मग नट. एम-सील भरून त्यात स्क्रू पिळणं हा तर इलाजच नव्हे.

स्थानिक बॉडीवाल्यानं लाकडी चौकटीवर बांधलेली केबिन असेल तर तिथं नटच नसतो, लाकडाचे स्क्रू असतात. भोक मोठं झालं की त्यात काड्या ठोकून नवा स्क्रू मारायची पद्धत आहे. त्याऐवजी आरपार बोल्ट घालून मागं ३ मिमीची ४० बाय ६० मिमीची पट्टी आणि नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळं ढिला न पडणारा) द्या. मागं हात पोचत असेल तर पत्र्याच्या केबिनमध्येही हाच सगळ्यात भरवशाचा जोड.

बसवताना दोन्ही बोल्ट आधी बोटानं तीन-चार आटे फिरवा, मगच पान्हा. जुन्यापेक्षा लांब बोल्ट घालू नका. निळं थ्रेड लॉक (आटे ढिले पडू न देणारं चिकट द्रव) एकच थेंब, तोही आट्यांवर. प्लॅस्टिकवर ओघळला तर काही प्लॅस्टिकांना बारीक तडे पाडतो. घट्टपणा एम ६ ला ९ ते १० न्यूटन मीटर, एम ८ ला २२ ते २५. टॉर्क पाना नसेल तर १५ सेंमी लांबीच्या पान्ह्याच्या टोकाला साधारण १५ किलोचा जोर एम ८ ला पुरतो, एम ६ ला ६-७ किलोचा. रिव्हेट नट असेल तर याहूनही कमीवर थांबा, नाहीतर आत्ता बसवलेला नट तुम्हीच फिरवाल.

मग पाय जमिनीजवळ ठेवून हँडलला लटका, दोन-तीन हलके झटके द्या आणि बोट पुन्हा त्याच जागी ठेवून फट उघडते का पाहा. आठवड्यानं, दोन-तीन फेऱ्या झाल्यावर, टोपी काढून बोल्ट एकदा पान्ह्यानं तपासा. हलला तर बुश राहिलीय.