शंभरातली किती?

‘नंदुरबारमध्ये तीव्र कुपोषित बालकांत 40 टक्के वाढ!’ सकाळच्या चहासोबत असा मथळा वाचला तर पोटात गोळाच येईल. मथळा माझ्या मनचा आहे, पण त्यामागचं गणित नेहमीचं.

समजा, पोषण योजनेच्या मूल्यमापनात धडगाव तालुक्यातली 1000 बालकं तपासली, त्यांत 80 तीव्र कुपोषित निघाली. पुढच्या वर्षी आशाताई आणि अंगणवाडी सेविका पार वरच्या पाड्यांपर्यंत चढल्या. 1600 बालकं तपासली, 112 सापडली. 80 चे 112, म्हणजे 40 टक्के वाढ. हिशेब चोख! पण शंभरामागे पाहा: आधी 8, आता 7.

मग ‘कुपोषण घटलं’ असं छापायचं? तीही घाईच. एवढ्या तपासणीत 8 आणि 7 मधला फरक निव्वळ योगायोगानेही पडतो.

कुठल्या महिन्यात मोजलं, हे तर कुणी विचारतच नाही. दिवाळीनंतर सातपुड्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला, मजुरीला गुजरातेत उतरतात; होळीच्या सुमाराला परततात. लेकरं सोबतच. जानेवारीत मोजलं तर सगळ्यांत गरीब घरंच यादीबाहेर. एप्रिलमध्ये मोजलं तर तीच लेकरं वाळून परत आलेली. योजना तशीच, आकडा मात्र वेगळा. मोजमापाचंही तसंच. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित. उंचीच्या मानाने वजन हा दुसरा निकष. दोन्ही निकषांत दरवेळी तीच मुलं सापडत नाहीत.

यात तालुक्याच्या वार्ताहराला दोष देणं सोपं आहे. त्याच्या हाती संध्याकाळी जाडजूड अहवाल पडतो आणि पान तासाभरात लावायचं असतं. माझ्या मते चूक अहवाल लिहिणाऱ्यांची जास्त. किती बालकं तपासली, कुठल्या महिन्यात, कशाने मोजली, शंभरात किती निघाली, हे पहिल्याच पानावर चार ओळींत का देऊ नये?

आणि ज्या आयांच्या लेकरांचे दंड मोजले, त्यांच्यापर्यंत मराठी पेपर कितीसा पोचतो? घरात बोली पावरी, भिली. त्यांना गाठायचं तर होळीआधी भरणारा आदिवासींचा भोंगऱ्या बाजार आहे. बाहेरगावी गेलेलेही तेव्हा आलेले असतात. तिथे टक्केवारीचा फलक नको. मक्याचे शंभर दाणे पसरावेत, आठ बाजूला काढावेत. मग त्यांतला एक परत ढिगात टाकावा.